कूलरचं तोंड छताकडे

आमच्या अकोल्याच्या घरात पहिला कूलर आला तो फुलांसाठी. माणसांनी उन्हाळा कसा काढायचा याच्या रीती ठरलेल्या होत्या. सकाळी अंगणात सडा, दुपारी डोक्यावर ओला दुपट्टा, जेवणात बुक्कीनं फोडलेला कांदा, ज्वारीची भाकर आणि गोळ्यांची कढी, आणि उरलेल्या वेळात ‘काय तापून राहिलं बापा’ असं एकमेकांना सांगणं. या सांगण्यानं ऊन कमी होत नसे, पण ते आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही एवढं समाधान मिळे. फुलांना यातलं काहीच जमायचं नाही. मोर्णा नदीच्या काठाला आमचा मळा होता. त्यात मोगरा, निशिगंध, गलांडा आणि बाबांच्या हौसेचे थोडे गुलाब. लग्नाच्या तिथी नेमक्या वैशाखात, आणि वैशाखातला मोगरा असा की पहाटे तोडलेली पांढरीशुभ्र कळी दुपारच्या जेवणाआधीच चहात बुडवून काढल्यासारखी तांबूस दिसायला लागे. बाबा टोपल्यांवर ओली फडकी टाकत, ती वाळली की परत ओली करत, आणि असं करता करता उन्हाळाभर स्वतःच वाळून जात.

घर म्हणजे रस्त्याकडे पत्र्याची छपरी, तिच्यामागे एका ओळीत तीन खोल्या आणि शेवटी पाण्याचे ड्रम ठेवलेलं अंगण. मधली खोली फुलांची. तिथे चप्पल तर सोडाच, धुतल्याशिवाय पायही नेता यायचा नाही. घरात माय, बाबा, माझी थोरली बहीण कुसुमताई आणि मी. मला सगळे बेबी म्हणत. आज सत्तरीला टेकले, तरी माहेरची उरलीसुरली माणसं बेबीच म्हणतात आणि मीही ओ देते. शिवाय बाबांची मोठी बहीण, आमची आत्या. तिला बार्शीटाकळीला दिली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी आली ती कायमचीच. आत्यासारखा गजरा अख्ख्या फुलबाजारात कोणी बांधत नसे. बोटांत दोरा, ओठांत दोऱ्याचं दुसरं टोक, आणि नजर भलतीकडेच, बहुतेक वेळा माझ्यावर. दोऱ्याची गाठ बसताना होणारा बारीक ‘टच्’ आवाज हा माझ्या लहानपणाचा सगळ्यात जुना आवाज आहे. आत्या बोलायला फटकळ, हाताला सैल. ओरडता ओरडता तिच्या ओच्यातून गुळाचा खडा निघायचा. फक्त एका गोष्टीत तिच्याशी वाद चालत नसे, आणि ती म्हणजे वारं. संध्याकाळी दाराच्या चौकटीत कोणी बसलं की ती हाताला धरून उठवायची. आम्ही तिला हसायचो.

बाबांनी कूलर पाहिला तो एका वकिलाच्या घरी. साखरपुड्याचे हार पोहोचवायला गेले होते. त्यांना बैठकीत बसायला सांगितलं, आणि तिथे खिडकीत तो पत्र्याचा डबा घरघरत होता. बाबा परत आले तेव्हा मायनं विचारलं, “काय काय केलं होतं वो जेवाले?” बाबा म्हणाले, “तिथं फुलं ठेवली तं दोन दिवस टिकतीन.” मायनं कपाळावर हात मारला. पुढचे आठ-पंधरा दिवस बाबा ओळखीच्या लोहाराकडे बसून होते. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, वरून ठिबकणारं पाणी, आणि कुठल्याशा मोडलेल्या गिरणीतून आणलेला पंखा. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरला आणि माय, कुसुमताई, मी, शेजारच्या दोघी अशा सगळ्या त्याच्यासमोर केस मोकळे सोडून बसलो. बाबांनी आम्हाला उठवलं आणि आमच्या जागी मोगऱ्याच्या टोपल्या ठेवल्या. आत्या छपरीत बसून गजरे करत होती. ती आत आलीच नाही. तिथूनच म्हणाली, “बसा वाऱ्यात. मंग सांधे धरले का मले हाका मारजा.”

दुसऱ्या दिवशी कळ्यांच्या कडा करपल्या होत्या. ऊन लागलं नव्हतं, वाराच लागला होता. फुलाला थंडावा हवा असतो, पण झोत लागला की त्यातला ओलावा उडून जातो, हे बाबांना आधी माहीत नव्हतं. कूलर विकणाऱ्यांनाही माहीत नसावं, कारण ते माणसांचा विचार करून तो बनवत होते. बाबा मग हट्टाला पेटले. आधी समोर ओलं तरट टांगलं. मग टोपल्या भिंतीला लावल्या. शेवटी त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याला सुपासारखा बाक दिला आणि तो कूलरच्या तोंडासमोर तिरपा बांधला. झोत पत्र्यावर आपटून छताकडे जाई, छतावरून पसरे आणि भिंतींवरून हळूहळू खाली उतरे. हे जमलं की नाही ते पाहायला त्यांनी गजऱ्याचा दोरा आढ्याला बांधून खाली सोडला. दोरा हलला की पत्रा थोडा वाकवायचा, परत पाहायचं. ज्या दिवशी कूलर जोरात चालू असताना दोरा गपगार लोंबत राहिला त्या दिवशी बाबांनी आम्हा सगळ्यांना हाका मारून तो दाखवला. न हलणारा दोरा पाहायला आम्ही ओळीनं उभे होतो. लोक यायचे, छताकडे तोंड केलेला कूलर पाहायचे आणि म्हणायचे, “छताले गरम होऊन राहिलं का?” बाबा हसायचे. मोगरा दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पांढरा राहू लागला.

माझा मुलगा आज वस्तूंच्या डिझाइनचंच काम करतो. अमरावतीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यानं भिंतीवरचा एसी बसवून दिलाय आणि पुण्याला बसून मोबाइलवरून तो बंद-चालू करतो. मध्येच एसी आपोआप बंद झाला की मी समजते, लेकाला आईची आठवण आली. तो म्हणतो, चांगली वस्तू करायची तर ती वापरणाऱ्याकडे पाहत बसावं लागतं, दिवसचे दिवस. त्यासाठी त्याच्या कंपनीत निराळी माणसं नेमलेली आहेत. मी त्याला आजोबांच्या दोऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं ती दोनदा सांगायला लावली. मग त्यानं विचारलं, तो पत्रा अजून आहे का. कुठला असायला! गंजला आणि भंगारात गेला. आमच्या घरात कुठलीच कामाची वस्तू जपून ठेवायची पद्धत नव्हती, ती झिजेपर्यंत वापरायची पद्धत होती.

कूलर आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुसुमताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अचलपूरला दिली होती. जावईबापू तिला बसनं घेऊन आले, मायच्या हातचा आमरस तीन वाट्या प्याले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. ताईला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणली ती सरळ शेवटच्या खोलीत, आणि तिथून पुढे राज्य आत्याचं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला गोधडी टांगली. बाजेखाली शेगडी, शेगडीत गोवऱ्या, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. ताईच्या डोक्याला, कानाला घट्ट फडकं. सव्वा महिना बाहेरची हवा लागता कामा नये. खायला डिंकाचे लाडू, खोबरं, गूळ, मेथ्या, म्हणजे सगळं गरम. या रीतीला मी नावं ठेवणार नाही. हिवाळ्यात, उघड्यावाघड्या घरात, ओल्या अंगाच्या बाईला आणि एवढ्याशा जिवाला जगवायला ती कुणीतरी मोठ्या मायेनं बसवली असणार. फक्त ती बंद कधी करायची, हे सांगायला ती बसवणारी बाई उरली नव्हती. बाहेर अकोल्याचा मे महिना होता. डांबर चपलेला चिकटत होतं.

बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाला नाव नव्हतं. आम्ही बापू म्हणायचो. सुरुवातीला बापू फार रडायचा. त्याच्या मानेवर, काखेत घामोळं उठलं होतं. मग तो रडेनासा झाला आणि आत्या म्हणाली, “पाय, शेक मानवला लेकराले.” एका सकाळी माय लंगोट बदलायला गेली आणि तशीच कोरडा लंगोट हातात घेऊन बसून राहिली. पहाटेपासून तो ओला झाला नव्हता. बापूचं अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ सुकलेले. ताई त्याला पाजायला घ्यायची तर तो दोन घोट घेऊन मान टाकायचा. ताईचे स्वतःचे डोळे खोल गेले होते. घामानं भिजलेल्या फडक्याखालून ती मायकडे पाहत होती आणि काही मागत नव्हती, कारण त्या खोलीत काही मागायचं नसतं हे ती आत्याकडूनच शिकली होती.

मायनं मला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला पिटाळलं. त्या आल्या, गोधडी बाजूला करून आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. म्हणाल्या, शेगडी आत्ता विझवा, दोघांना थंड जागी ठेवा, घोटघोट का होईना सारखं पाजत राहा, आणि संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर दवाखान्यात घेऊन या, मग तिथे सलाइन लावायचं बघू. त्या गेल्या आणि छपरीत आम्ही उभेच राहिलो. थंड जागा घरात एकच होती हे सगळ्यांना कळलं होतं. आणि त्या जागेत दुसऱ्या दिवशीच्या एका मोठ्या लग्नाचा मोगरा भरून ठेवलेला होता.

“नाई,” आत्या म्हणाली. “बायतीनीले वाऱ्यात नेनार? नामदेव, तुह्या डोक्यात काई हाय का नाई?”

बाबांचं नाव नामदेव. त्यांना या नावानं हाक मारणारं घरात आत्याशिवाय कोणी नव्हतं. ते खाली पाहून उभे होते. माय म्हणाली, “बाई, डॉक्टरीण सांगून गेली ना.”

“तिले काय जाते सांगाले! माह्यं लेकरू वाऱ्यानंच गेलं. तुमाले काय मालूम? आठ दिवसाची पोरगी होती. मले खोलीत कोंडल्यावानी होऊन राहिलं म्हून मी सांजच्याला दारात येऊन बसली तिले घेऊन. थोडीशी झुयूक आली. तेवढीच. तिसऱ्या दिवशी गेली पोरगी. सासू म्हने, वाऱ्यात बसली अन् लेकरू खाल्लं हिनं.” आत्याचा आवाज वर वर चढत गेला. “मी बसली ना दारात! मीच बसली! आता हिले बसवू का?”

आत्याला मूल झालं होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दारातून हाताला धरून उठवण्यामागे काय होतं तेही कळलं, आणि आम्ही किती हसलो होतो ते आठवून माझे कान तापले. मी मायकडे पाहिलं. मायला ते माहीत होतं, बाबांनाही होतं. घरातल्या मोठ्यांनी ही गोष्ट इतकी वर्षं आत्याजवळ काढली नव्हती. त्यांना वाटायचं, न बोलण्यानं तिचं दुःख झाकलं जातं.

माय आत्यापेक्षा वयानं लहान, मानानं त्याहून लहान. नणंदेसमोर तिनं कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही. ती आत्याच्या जवळ गेली आणि म्हणाली, “तुमचं लेकरू गेलं बाई. पन हे अजून हाये.”

आतून ताईचा हुंदका आला. बाबांनी एकदा बहिणीकडे पाहिलं आणि एकदा गोधडीकडे. त्यांची अवस्था मला आजही दिसते. लहानपणी त्यांना कडेवर घेऊन वाढवणारी बहीण एका बाजूला आणि पोटची पोर दुसऱ्या बाजूला. मग ते मला म्हणाले, “बेबी, टोपल्या काढ भायेर. सगळ्या.”

आम्ही मोगरा अंगणातल्या कडुनिंबाखाली नेला आणि त्यावर ओली तरटं टाकली. तासाभरात त्याचं काय होणार हे बाबांना चांगलं माहीत होतं. तरी ते तिकडे वळून न पाहता फुलांच्या खोलीत गेले, बाज भिंतीला लावून घेतली आणि बाजेच्या बरोबर वर आढ्याला दोरा बांधला. मायनं ताईच्या डोक्याचं फडकं सोडलं, अंग ओल्या पंच्यानं पुसलं, आणि दोघी हळूहळू चालत मधल्या खोलीत आल्या. बापू मायच्या हातात, नुसत्या लंगोटावर. कूलर सुरू झाला. बाबा दाराशी येऊन म्हणाले, “आक्का, ये. पाय. हालते का दोरा? वारं नाई लागनार तिले. नुसता थंडावा.” आत्यानं दोऱ्याकडे पाहिलं. दोरा हलत नव्हता. तरीही ती म्हणाली, “मी या खोलीत पाय नाई ठेवनार,” आणि छपरीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली.

ती दुपार फार लांब होती. माय चमच्यानं ताईचं काढलेलं दूध बापूच्या ओठांत सोडत होती आणि मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. नळ दोन-तीन दिवसांआड यायचा. ड्रमचा तळ दिसायला लागला तसे बाबा सायकलीला कॅन लटकवून मळ्यातल्या विहिरीवर गेले. मागे कडुनिंबाखाली मोगरा तांबूस पडत होता आणि त्याचा वास उतत होता. ताई थंडाव्यात आल्याबरोबर झोपून गेली. कितीतरी दिवसांनी ती अशी झोपली असावी. ऊन छपरीच्या खांबावरून खाली सरकलं तेव्हा मायनं एकदम “बेबी!” अशी हाक मारली. मी बादली तिथेच टाकली. आत गेले तर माय हसत होती आणि तिच्या मांडीवरून पाण्याची धार वाहत होती. तिनं पातळ झटकलंसुद्धा नाही. मी धावत छपरीत गेले आणि ओरडले, “आत्या, बापूनं मायवर मुतलं!” आत्यानं मान वळवली नाही, पण तिचा खांदा हलला. ती रडत होती की तिनं सुटकेचा श्वास टाकला हे मला पाठीमागून कळलं नाही.

लग्नघरी बाबा निम्म्या फुलांनिशी गेले. नवरीची आई त्यांना चार माणसांत बरंच बोलली, असं पुढे कानावर आलं. घरी येऊन बाबांनी त्यातलं काही सांगितलं नाही, पाय धुतले आणि बापूला पाहायला गेले.

आत्या मात्र छपरीतच. जेवायची तिथेच, आणि दिवसाची पडायचीही तिथेच, त्या तापलेल्या पत्र्याखाली. ताईसाठी लाडू वळून द्यायची, अळिवाची खीर करून माझ्या हाती पाठवायची, पण दाराच्या आत यायची नाही. मी बाहेर आले की मात्र हळूच विचारायची, “दोरा पायला का? हालते का?” मी सांगायचे, “नाई हालत.” खरं सांगायचं तर मी वर पाहायचेच नाही. मला बापूकडे पाहायचं असायचं. त्याचं घामोळं सुकत चाललं होतं. तो आता दूध पिताना आवाज करायचा, आणि पोट भरलं की मुठी उघडून बोटं पसरायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मायनं आणि मी खोलीच्या एका कोपऱ्यात कळ्या घेऊन बसायला सुरुवात केली होती. खोलीची आता फुलं आणि बाळ यांच्यात वाटणी झाली होती. आत्या लाडवांची वाटी घेऊन दाराशी आली, पडदा बाजूला केला, आणि तिचं लक्ष वर गेलं. ती किंचाळली. “वारं! हालून राहिला! दोरा हालून राहिला!” वाटी खाली पडली आणि न धुतलेल्या पायांनी आत्या सरळ आत आली. बाजेवर वाकून तिनं आपल्या पदरानं ताईला आणि बापूला झाकलं. आम्ही वर पाहिलं. दोरा खरंच झुलत होता. नुसता हलत नव्हता, चांगले झोके घेत होता. समोरचा पत्रा एका बाजूला फिरलेला होता आणि गार झोत सरळ बाजेवर येत होता.

“कोनं केलं हे? बेबी, तू हात लावला?” माय म्हणाली. मी शपथेवर मान हलवली.

पदराखालून ताईचा आवाज आला. “मीच केलं माय.” तिनं पदर बाजूला सारला. “काल सकायीच सरकवला थो पत्रा. जरा हवा आली तं बरं वाटते मले. कालपासून असाच हाये. तुमीच कोनी पायलं नाई.”

मायनं तोंडाला हात लावला. खरं म्हणजे तिला हसू येत होतं, पण ते हसू अर्ध्यात थांबलं, कारण तिचं लक्ष आत्याकडे गेलं. आत्या बाजेशी तशीच वाकलेली होती. तिच्या हाताखाली बापू गाढ झोपला होता. झोत त्याच्या टाळूवरच्या चार केसांना उडवत होता आणि त्याचं पोट एका लयीत खालीवर होत होतं. आत्यानं त्याच्या कपाळाला हात लावला. मग छातीला, मग तळपायांना. लंगोटाखाली बोट घालून पाहिलं. तो ओला होता. ती हळूच खाली बसली, बाजेच्या लाकडाला धरून.

“कालपासून?” तिनं विचारलं.

“हो आत्या,” ताई म्हणाली.

“अन् हे असंच वाऱ्यात?”

ताईनं मान डोलावली. कूलर घरघरत होता. आत्या बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत राहिली. मी लहान होते, पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. आज माझं वय आत्याच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे. माणूस एकच गोष्ट मनाशी धरून म्हातारा होतो आणि मग ती खोटी होती असं दिसतं, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटत असेल की लुटल्यासारखं, हे मला अजूनही सांगता येणार नाही. आत्याच्या चेहऱ्यावर दोन्ही होतं.

“मंग माह्यी पोरगी कायनं गेली वो, शांता?”

शांता म्हणजे माझी माय. आत्यानं तिला कधी असं मानानं ‘वो’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मायनं मांडीवरच्या कळ्या बाजूला ठेवल्या आणि ती आत्याशेजारी जाऊन बसली.

“ते मले नाई मालूम बाई. आठ दिवसाच्या लेकराले काईबी होते. पन तुमच्या दारात बसन्यानं नाई गेली. तुमी काई नाई केलं.”

“मंग एवढे वर्सं मले कोनी सांगतलं काहून नाई?” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. तो सासूवर होता, नवऱ्यावर होता, बाबांवर आणि मायवरही होता, आणि आम्ही सगळे त्याला पात्र होतो. मायनं काही सबब सांगितली नाही. नुसता तिचा हात हातात घेतला. मग आत्या रडली. शेजारपाजार ऐकेल, बाळ उठेल, कशाची पर्वा न करता, लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून रडली. बापू दचकला, तोंड वाकडं करून परत झोपला. ताई बाजेवरून हात खाली सोडून आत्याचे केस कुरवाळत होती. मी दोऱ्याचं बंडल हातात गच्च धरून बसले होते.

बऱ्याच वेळानं आत्या शांत झाली. पदरानं नाक पुसत ती म्हणाली, “बारसं नोतं झालं तिचं. नाव नोतं ठेवलं कोनी. मी सरू म्हनो तिले. मनातल्या मनात. कोनाले सांगतलं नाई.”

ते नाव त्या घरात त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. मायनं आत्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि विचारलं, “कशी होती वो बाई, तुमची सरू? कोनावर गेली होती?”

“माह्यावर,” आत्या म्हणाली. “रंगानं सावयी. अन् केस... केस तं एवढे होते का बापा, सुईनच म्हने, इची वेनीच घालतो आता.” आणि ती सांगत राहिली.